नवीन केबल नेट लागलं, पण कॉम्प्युटरवर चालत नाही? ह्या क्रमाने तपासा



घरूनच धंदा सुरू केला, नवीन केबल नेट घेतलं, माणूस वायर टाकून गेला, आणि कॉम्प्युटर म्हणतो ‘नो इंटरनेट’. त्यात तारीख २०. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांना जीएसटीआर-३बी आजच भरायचा आहे. चुकलं तर रोज ५० रुपये लेट फी, निल असेल तरी २०.

अशा वेळी केबलवाल्याला नुसतं “नेट बंद आहे” सांगितलं, तर तो “बघतो” म्हणतो आणि संध्याकाळ होते. नेमकं कुठे अडलं ते सांगा. नंदनवन असो की सीताबर्डी, नेटचा रस्ता सारखाच: खांबावरून डब्यात, डब्यातून राउटरमध्ये, तिथून कॉम्प्युटरमध्ये. त्याच क्रमाने चला.

१. डब्याचे लाईट. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा लाल लाईट लागला असेल, तर बाहेरून सिग्नलच येत नाही. पिवळी वायर दारात दबली किंवा फार वाकली आहे का, एवढंच बघा. बाकी काम केबलवाल्याचं. फायबरच्या टोकात डोळा लावून बघू नका.

२. मोबाईल. मोबाईल डेटा बंद करून वायफाय जोडा. मोबाईलवर नेट चाललं, तर लाईन ठीक आहे. अडचण कॉम्प्युटरकडे आहे.

३. आयपी अ‍ॅड्रेस. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ टाका. अ‍ॅड्रेस १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर कॉम्प्युटरला राउटरकडून अ‍ॅड्रेस मिळालाच नाही आणि त्याने स्वतःच एक लावून घेतला. लॅन वायर काढून घट्ट बसवा, डबा आणि राउटर मिनिटभर बंद ठेवून चालू करा. जुन्या कनेक्शनचा आयपी हाताने टाकलेला असेल, तर सेटिंग ‘ऑटोमॅटिक’ करा.

४. लॉगिन आणि मॅक. मोबाईलवरही नेट नाही आणि लाल लाईटही नाही? मग बहुतेक पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड राउटरमध्ये चुकलं आहे. किंवा माणसाने स्वतःच्या लॅपटॉपवर टेस्ट केलं आणि कंपनीच्या सिस्टीमने त्याच लॅपटॉपचा मॅक अ‍ॅड्रेस धरून ठेवला. फोनवर सरळ म्हणा, “भाऊ, मॅक रीसेट करून द्या.”

५. डीएनएस. ‘पिंग ८.८.८.८’ ला उत्तर येतं, पण साईट उघडत नाहीत? मग लाईन चालू आहे, डीएनएस अडलं आहे. सेटिंगमध्ये डीएनएस ८.८.८.८ टाकून बघा.

एवढ्यावरही झालं नाही, तर तक्रार नोंदवून डॉकेट नंबर घ्याच. पुढे कंपनीच्या अपील विभागाकडे जायचं झालं, तर तोच नंबर लागतो. तोवर मोबाईल हॉटस्पॉटवर रिटर्न भरून टाका.

आणि आजच एका कागदावर ग्राहक क्रमांक, युजरनेम, पासवर्ड आणि तक्रारीचा फोन लिहून सुरक्षित फाईलमध्ये ठेवा. दुकानाचं लाईट बिल जपता ना? नेट आता तितकंच धंद्याचं सामान आहे.