नावांची गोधडी

माळव्याच्या थंडीत वाढलेल्या आम्हा मराठी माणसांना गोधडीची ऊब निराळी सांगावी लागत नाही. आजीची जुनी लुगडी, आजोबांची धोतरे, वर आडवा-उभा धावदोरा. गेलेली माणसे अशी अंथरुणात सोबतीला असत. अशीच एक गोधडी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे जन्मली. तिचा संबंध एका रोगाशी असल्याने आपण डॉक्टरांनी ती समजून घ्यावी, असे मला वाटते.

नोव्हेंबर १९८५ मध्ये तेथे निघालेल्या मेणबत्ती-मोर्चात क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याने एड्सने गेलेल्या सुहृदांची नावे लोकांकडून फलकांवर लिहून घेतली. एका सरकारी इमारतीच्या भिंतीवर ते फलक चिकटविले, तेव्हा ती भिंत त्याला गोधडीसारखी भासली. १९८७ साली प्रत्यक्ष शिवण सुरू झाली. प्रत्येक मृतासाठी ३ फूट बाय ६ फुटांचा एक तुकडा, म्हणजे साधारण एका कबरीएवढा. त्या काळी भयापोटी या मृतांचे अंत्यविधी करण्यासही अनेक ठिकाणी नकार मिळे, हे ध्यानी घेतले म्हणजे या मापाचा अर्थ उमगतो. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर असे १,९२० तुकडे अंथरले गेले व नावे मोठ्याने वाचली गेली. आज तुकड्यांची संख्या सुमारे ५०,००० असून त्यांवर १,१०,००० हून अधिक नावे आहेत.

कलासमीक्षकाला यांतील कित्येक तुकडे ओबडधोबड वाटतील. ते आयांनी, मित्रांनी, कधी सुई न धरलेल्या हातांनी शिवले आहेत. त्यांचे खरे मोल शिवण्याच्या क्रियेत आहे. जे नाव उच्चारण्याची चोरी, ते तेथे टाक्याटाक्याने घालावे लागते. आणि शेजारी बसलेला अनोळखी माणूसही तेच करीत असतो.

हे वाचताना मला १९९० च्या दशकातील माझा एक रुग्ण आठवतो. त्या तरुणाच्या मृत्यूनंतर महिन्याभराने त्याची आई दवाखान्यात आली. पिशवीत घडी केलेला सदरा होता. म्हणाली, “डॉक्टरसाहेब, हा उकळून घेतला तर चालेल ना? गोधडीत घालीन म्हणते.” कपड्यांतून हा विषाणू पसरत नाही, हे मला पक्के ठाऊक होते. बाहेर रुग्णांची रांग होती. मी मान वर न करता म्हणालो, “कशाला उगाच? जाळून टाका.” तिने तो सदरा पुन्हा पिशवीत ठेवला.

२००४ पासून आपल्याकडे शासकीय केंद्रांतून विषाणूरोधक औषधे विनामूल्य मिळू लागली. २०१७ च्या कायद्याने भेदभावास मनाई केली. रुग्ण आज औषधे नियमित घेऊन दीर्घकाळ जगतात. ज्ञान मात्र मजजवळ तेव्हाही होते.

आज ती माऊली पुन्हा समोर आली, तर मी खुर्ची पुढे करीन आणि म्हणेन, “बाई, उकळायचीही गरज नाही. साधा धुवा आणि शिवा. जमले तर त्याचे नावही घाला.”