पचनाचे शब्द : घोकू नका, फोडून पाहा

दहावीनंतर जीवशास्त्र इंग्रजीतून शिकावे लागते. गॅस्ट्रिक, हिपॅटिक, पेप्सिन अशा शब्दांच्या धास्तीने विज्ञान शाखा सोडू नका.

हे शब्द मूळचे ग्रीक. ‘गॅस्टर’ म्हणजे जठर, आपल्या हिंदी पुस्तकातील आमाशय. ‘एंटेरॉन’ म्हणजे आतडे, ‘हेपार’ म्हणजे यकृत. शब्दाच्या शेवटी ‘आयटिस’ आले की दाह. आता डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील गॅस्ट्रोएंटरायटिस फोडून पाहा : जठर व आतड्यांचा दाह. मग हिपॅटायटिस म्हणजे काय, ते तुम्हीच सांगाल.

ग्रीक ‘पेप्सिस’ म्हणजे पचन. त्यावरून १८३६ साली थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने जठररसातील पाचक द्रव्याला पेप्सिन हे नाव दिले. हा ग्रीक शब्द आणि संस्कृत ‘पच्’ धातू एकाच मुळातून आले आहेत. दोन्हींकडे शिजवणे आणि पचवणे हे दोन्ही अर्थ आहेत. आपले पचन, पाचक, पक्वान्न हे शब्द ‘पच्’पासूनच झाले. ‘हेपार’ आणि ‘यकृत’ हीसुद्धा भावंडेच. म्हणजे हे शब्द आपल्याला अगदीच परके नाहीत.

धडा वाचताना प्रत्येक शब्दाची फोड व मराठी अर्थ वहीत लिहा. पालकांनी आठवड्यातून एकदा ही वही पाहावी, ही विनंती.