मूठभर धने

दिवाळी आठ दिवसांवर आली आहे आणि पुण्यातल्या आमच्या पेठेतली पिठाची गिरणी सकाळी साडेसातलाच भरून गेली आहे. दारापासून रस्त्याच्या पायरीपर्यंत डबेच डबे. स्टीलचे, पत्र्याचे, झाकणाला सुतळी बांधलेले. प्रत्येकावर चिठ्ठी. माझा गव्हाचा डबा शेवटून तिसरा आहे. काही लिहायला सुचत नसलं की दळण मी स्वतः घेऊन येते, आणि खिशात चार कागद ठेवते. गेले पंधरा दिवस काही सुचलेलं नाही.

गिरणीवाले मामा वरच्या पत्र्याच्या नसराळ्यात तांदूळ ओततात. खाली कापडी नळीतून पीठ पडू लागतं, त्याखाली तळवा धरतात आणि अंगठ्यानं पीठ बोटांवर चोळतात. नजर मात्र दुसऱ्याच डब्यावर. चाक जरासं आवळतात, पुन्हा चोळतात. भुवया, पापण्या, कानांवरचे केस, सगळं पांढरं.

मी कागदावर लिहिते, ‘मामा अंगठ्यानं पीठ वाचतात.’ लगेच खोडते. पीठ कुणी वाचत नाही, चोळतात. ‘चोळतात’ हाच शब्द खरा, आणि तो समोर घडतो आहे.

“गव्हावर भाजणी नको हं मामा,” एक आजी ओरडून सांगतात.

“आज गहू सगळ्यात शेवटी, आजी. आधी तांदूळ, मग डाळी, मग भाजण्या.”

म्हणजे माझा नंबर दुपारपर्यंत काही लागत नाही. मला बरंच वाटतं.

दळण आणि शब्द यांचं आपल्याकडचं नातं फार जुनं आहे. पहाटे जात्याच्या खुंट्याला हात घालून, मुठीमुठीनं वैरण टाकत बायांनी ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बहिणाबाई चौधरींना तर अक्षर येत नव्हतं. घरातलं, शेतातलं काम करता करता त्यांना गाणं सुचायचं आणि त्यांचा मुलगा सोपानदेव ते टिपून घ्यायचा. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या, आणि 1952 मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी पुस्तकात आली. कोणी टिपून घेतलं नसतं तर? हा विचार आला की मला कागदाशिवाय घराबाहेर पडवत नाही.

विजेच्या गिरणीच्या घरघरीत ओवी म्हणणं शक्य नाही. पण दोन दळणांच्या मध्ये पट्टा थांबतो, आणि तेवढ्या वेळात माणसं बोलतात.

आत्ता तो थांबला आहे. तिशीतली एक मुलगी डबा पुढे सरकवते आहे. हातात वहीचं पिवळं पडलेलं पान, घड्यांवर फाटत आलेलं.

“मामा, आमच्या आई चकलीची भाजणी कशावर दळून घ्यायच्या?”

मामा डबा ओळखतात. “हरभऱ्याच्या डाळीवर. आणि पहिली ओंजळ वेगळी काढायला लावायच्या.” मग जरा थांबून, “गेल्या वर्षी डबा आला नाही तुमचा.”

“गेल्या वर्षी घरात काही तळलंच नाही ना. आई गेल्यानंतरची पहिली दिवाळी.”

ती पान माझ्या शेजारच्या आजींपुढे धरते. मलाही दिसतं. तांदूळ 4 वाट्या, हरभऱ्याची डाळ 2, उडदाची 1, मुगाची अर्धी. अक्षर ठसठशीत, काने सरळ. शेवटची ओळ, धने मूठभर, जिरे त्याच्या निम्मे.

“वाट्या ठीक आहेत, त्यांची वाटी घरात आहे,” ती म्हणते. “पण मूठ आईंची. त्यांचा हात केवढा मोठा होता! माझी मूठ लहान आहे, आजी.”

कागद माझ्या मांडीवरच आहे. तिचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेते, ‘केवढा मोठा’सकट. याला माझं काही जोडायचं नाही, एवढं कळतं.

आजी तिचा हात हातात घेतात, मूठ मिटवतात, आपली मूठ शेजारी धरतात. “किती घातलेस?”

“दीड. भाजताना अंदाजानं.”

मामा झाकण काढतात, डब्यावर वाकतात. भाजलेल्या डाळींचा, धन्याचा खमंग वास पायरीपर्यंत येतो. ते चार दाणे तोंडात टाकतात, चावतात. गिरणीत कोणी बोलत नाही.

“वास तोच आहे,” मामा म्हणतात, आणि खटका दाबतात.

घरघर पुन्हा सुरू होते. पहिली ओंजळ ते एका ताटलीत वेगळी काढतात. मग पिवळसर पीठ डब्यात पडू लागतं, आणि ती तळवा पुढे करून, मामांसारखंच, अंगठ्यानं चोळून बघते.

डबा भरतो. झाकण लावायच्या आधी ती माझ्याकडे वळते, आवाजात ऐकू येत नाही म्हणून बोटांनीच लिहिल्याची खूण करते. मी पेन देते. डब्याच्या झाकणावर पान पसरून ती ‘मूठभर’ या शब्दाच्या खाली, अगदी बारीक अक्षरात लिहिते, ‘माझ्या दीड.’

पेन परत देताना त्यावर पिठाचा ठसा उमटलेला असतो.