वाडी पडली, पण आकडा हिरवाच

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले आणि नारळी-सुपारीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागातल्या कितीतरी कोकणी मुस्लिम घरांचा या वाड्यांवर आधार. आम्ही जळगाव-धुळ्याची माणसे समुद्रापासून लांब. पण मे-जूनच्या वादळी वाऱ्यात रावेर-यावलच्या निसवलेल्या केळीबागा झोपलेल्या आम्ही पाहतो, म्हणून ते दुःख परके वाटत नाही.

एवढे नुकसान मोजायचे कसे? एक साधन म्हणजे उपग्रह. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह साधारण ५ दिवसांनी त्याच जागेचे चित्र घेतात आणि ते कोणालाही फुकट मिळते. हिरवे पान लाल प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. या दोहोंच्या फरकावरून हिरवाईचा आकडा निघतो. वादळाआधीचा आणि नंतरचा आकडा ताडून पाहिला की पडझड कळते. चित्रातला एक ठिपका १० मीटर लांब, १० मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. वर्गात हे सांगितले की शेतकऱ्यांची मुले लगेच आपल्या शेताचे ठिपके मोजू लागतात.

अडचण पुढे आहे. जूनमध्ये आभाळ भरलेले, आणि ढगाआडचे या कॅमेऱ्याला दिसत नाही. त्यासाठी रडारचे उपग्रह लागतात. ढग हटेपर्यंत पावसाने गवत-झुडपे माजतात आणि आकडा पुन्हा हिरवा होतो. झाड गेले ते गेलेच! नव्या नारळाला फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात, हे त्या आकड्यात कुठेच नसते.

मदतीतही असाच पेच पडला. सरकारने फळबागांची मदत वाढवून हेक्टरी ५० हजार केली. पण १० गुंठ्यांच्या वाडीला त्यातून पाचच हजार. पुढे झाडागणिक मदत ठरली: नारळाला २५० रुपये, सुपारीला ५०. आमच्या मते रक्कम तुटपुंजीच, पण मोजण्याची रीत बरोबर. त्यासाठी माणूसच वाडीत उतरावा लागतो.

कर्जाचा व्यवहार लिहून ठेवावा, दोन साक्षीदार घ्यावेत, ही सूरह बकरातील ताकीद आपल्या घरांत ठाऊक आहे. उपग्रह फार तर एक साक्षीदार. दुसरा आपल्या घरातला कागद. केळी असो की लिंबू, झाडांची संख्या वहीत लिहा, सातबाऱ्यावर पिकाची नोंद झाली आहे ना ते पाहा, तारीख-ठिकाण उमटणारे फोटो मोबाइलवर काढून ठेवा. बाग पडलीच, तर पंचनाम्याआधी खांब उचलू नका. विमा कंपनीला कळवण्याची मुदत तासांत मोजतात. घरात शिकणारी मुलगी किंवा मुलगा असेल, तर ही वही त्यांच्याकडेच सोपवा.