शब्द गिऱ्हाइकाचे हवेत

आपल्या भगिनी फराळाच्या वेबसाइटवर ‘पुरणपोळी, इंदूर’ लिहितात. हिंदी भाषक गिऱ्हाईक मात्र ‘पूरन पोली इंदौर’ शोधणार, कदाचित इंग्रजी अक्षरांत. मग ऑर्डर येणार कशी?

आम्ही सुचवतो : गूगलवर पदार्थाचे नाव टाइप करताना खाली येणाऱ्या सूचना टिपून घ्या. त्यांतले आपल्याला लागू पडणारे शब्द आणि वस्तीचे नाव शीर्षकात व पहिल्या वाक्यात घाला. नुसत्या ‘मिठाई’ने मोठ्या दुकानांच्या गर्दीत आपण हरवतो. ‘कीवर्ड’ टॅग भरत बसू नका. क्रमवारीसाठी तो वापरत नसल्याचे गूगलने २००९ मध्येच सांगितले आहे. वेबसाइट ‘सर्च कन्सोल’ला जोडली, की लोक काय शोधत आपल्यापर्यंत आले ते कळते.

मराठी नाव मात्र काढू नका; ‘पुरणपोळी’शेजारी ‘पूरन पोली’ खुशाल नांदू द्या.