ताडीतली भुकटी

अलिबाग, रेवदंडा, मुरुड. आपला सारा किनारा माडांचा. माडी आणि ताडी आपल्याला नवी नाही. पहाटे उतरवलेला रस गोड असतो. ती निरा. ऊन चढले की ती आंबते, फेसाळते, नशा आणते. ही झाली खरी ताडी.

पण रस थोडा आणि पिणारे फार. मग लबाड विक्रेता काय करतो? पाण्यात साखरीन घालतो आणि एक पांढरी भुकटी टाकतो. तिचे नाव क्लोरल हायड्रेट. मुंबई-पुण्याकडे अशी बनावट ताडी अनेकदा पकडली गेली आहे.

ही भुकटी म्हणजे झोपेचे औषध. 1869 साली बर्लिनच्या एका डॉक्टरने ते झोपेसाठी प्रथम वापरले. डॉक्टर मोजून देई. ताडीवाला अंदाजाने टाकतो. पिणाऱ्याची जीभ जड होते, पाय लटपटतात. भुकटी जास्त पडली तर श्वास मंदावतो. माणूस झोपेतच जातो. वर दारू घेतली असेल तर धोका आणखी वाढतो.

काही ठिकाणी भुकटीऐवजी झोपेच्या गोळ्यांचे औषध ताडीत घालतात. अल्प्राझोलाम, डायझेपाम ही त्यांची नावे. पण गोळी घरातही घात करते. एक बाई आम्हाला म्हणाल्या, "मास्तर, शेजारणीची गोळी घेतली, काय झोप लागली!" आम्ही म्हणालो, "बाई, रोज घ्याल तर एकीच्या दोन लागतील. मग गोळीवाचून डोळाच लागायचा नाही."

म्हणून कायदा कडक आहे. या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळतात. 1 मार्च 2014 पासून दुकानदाराने डॉक्टरचे नाव, रोग्याचे नाव आणि किती गोळ्या दिल्या, हे वेगळ्या वहीत लिहायचे असते. ती वही 3 वर्षे जपायची असते. चोरट्या व्यापारासाठी 1985 चा अमली पदार्थांचा कायदा आहे. 100 ग्रॅमहून अधिक अल्प्राझोलाम बेकायदा सापडले, तर निदान 10 वर्षे सक्तमजुरी आणि 1 लाख रुपये दंड होतो.

आता एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. अशा ताडीची किंवा गोळीची सवय जडली असेल, तर ती एकदम तोडू नका. फिट येते, माणूस भ्रमिष्ट होतो, जीवही जातो. सरकारी दवाखान्यात जा. डॉक्टर हळूहळू सोडवतात. यात लाज कसली?

आणि कोणी पिऊन बेशुद्ध पडला, तर "झोपलाय, झोपू द्या" म्हणू नका. त्याला कुशीवर वळवा. तोंडात पाणी, ताक काही घालू नका. लगेच 108 ला फोन करा. एका फोनाने घरचा माणूस वाचेल.