गळ्यातली वही

चंद्राभोवती फिरताना मायकेल कॉलिन्सच्या गळ्यात एक वही लटकत होती. तिच्यात अठरा तऱ्हेचे घोटाळे आणि प्रत्येकावरचा उतारा लिहिलेला होता. चंद्रावर उतरलेलं ‘ईगल’ यान उशिरा सुटलं तर काय, खालीच घुटमळलं तर काय, भलत्याच कक्षेत गेलं तर काय. २० जुलै १९६९ ला नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले. जग त्यांच्या पावलांकडे डोळे लावून बसलं होतं, तेव्हा त्यांच्या डोक्यावर सुमारे ११० किलोमीटर उंचीवरून कॉलिन्स ‘कोलंबिया’ यानात घिरट्या घालत होता. खालचे दोघे वर येताना वाट चुकले, तर त्यांना गाठायला जाणं त्याच्याकडे होतं.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हे तिघे जगाच्या दौऱ्यावर असताना मुंबईलाही येऊन गेले. तो काळ आठवणाऱ्या मुंबईकराला आज विचारा, दोन नावं पटकन येतात, तिसऱ्यापाशी अडखळायला होतं.

या तिसऱ्याने १९७४ मध्ये ‘कॅरीइंग द फायर’ हे पुस्तक लिहिलं. आपल्याकडे मोठ्या माणसाच्या आत्मचरित्रावर ‘शब्दांकन’ म्हणून दुसऱ्या कुणाचं तरी नाव असतं. अमेरिकेत ते नाव अनेकदा छापतही नाहीत. कॉलिन्सने सगळं स्वतः लिहिलं. प्रस्तावना चार्ल्स लिंडबर्गची, म्हणजे अटलांटिक एकट्याने ओलांडणाऱ्या वैमानिकाची. अंतराळवीरांची आत्मचरित्रं पुढे ढिगाने आली, पण मला वारंवार उघडावंसं वाटतं ते हेच. नावातला विस्तव हा सूर्याचा. अपोलो देव तो रथातून आकाशभर वाहून नेतो. मला मात्र गोवरीवर निखारा ठेवून शेजारच्या चुलीतून विस्तव आणणारी बाई आठवते. विझू द्यायचा नाही, हात भाजून घ्यायचा नाही आणि घाई तर मुळीच करायची नाही. कॉलिन्सचं लिहिणंही त्याच चालीचं आहे.

ही चाल आली कुठून? घराणं लष्करी. वडील सेनाधिकारी. ते रोममध्ये नेमणुकीवर असताना, १९३० मध्ये, याचा जन्म झाला. हा वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून १९५२ ला बाहेर पडला, तेव्हा सख्खा काका अमेरिकी भूसेनेचा प्रमुख होता. ‘काकाच्या वशिल्याने वर चढला’ असं कुणी म्हणायला नको, हे हवाई दल निवडण्यामागचं एक कारण होतं. पुढे फ्रान्समध्ये एफ-८६ उडवताना, १९५६ मध्ये, कॉकपिटच्या मागे आग लागली आणि त्याला विमान सोडून पॅराशूटने उतरावं लागलं. पण त्याच्या लेखणीला वळण लागलं ते नंतर, एडवर्ड्स तळावरच्या चाचणी-वैमानिकांच्या शाळेत. तिथे नुसतं उडवून भागत नाही. मांडीवरच्या पाटीवर आकडे टिपायचे, खाली आल्यावर अहवाल लिहायचा. चूक विमानाची असो वा आपली, ती कागदावर आलीच पाहिजे, कारण उद्या त्याच विमानात दुसरा कुणी बसणार असतो. पुस्तकातला सच्चेपणा मला या अहवालांचाच वारस वाटतो.

मरणाबद्दलही तो तसाच लिहितो. नासाने १९६३ मध्ये निवडलेल्या चौदांत तो होता (त्याआधीच्या वर्षी त्याला नाकारलं होतं). त्या चौदांतले चौघे अंतराळात एकदाही न जाता गेले. टेड फ्रीमनच्या विमानावर हंस आदळला. तारीख ३१ ऑक्टोबर १९६४, नेमका कॉलिन्सचा वाढदिवस. रॉजर चॅफी १९६७ च्या जानेवारीत अपोलो-१ च्या आगीत गेला, आणि ती बातमी त्याच्या घरी सांगायला कॉलिन्सलाच जावं लागलं.

जेमिनी-१० मोहिमेतला त्याचा अवकाशातला फेरफटका (जुलै १९६६) म्हणजे फजितीचा मामला. अजेना नावाच्या निकामी रॉकेटवरची एक पेटी काढून आणायची होती. रॉकेटला धरायला मूठच नाही. हात सुटला आणि तो यानाला जोडलेल्या नळीच्या टोकाला गरगरत लांब गेला. हातातल्या वायूच्या पिस्तुलाने स्वतःला ढकलत पुन्हा गेला आणि पेटी घेऊन आला. या गडबडीत कॅमेरा मात्र हरवला, त्यामुळे त्या फेरफटक्याचा फोटोच नाही. हे सांगताना तो वाचकाबरोबर स्वतःलाही हसतो.

मग मानेची शस्त्रक्रिया. तिने अपोलो-८ हुकवलं, पण त्यामुळेच अपोलो-११ पदरात पडलं. अपोलो-८ ला पृथ्वीची कक्षा सोडायची परवानगी ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षातून याच्याच आवाजात गेली. माणूस पहिल्यांदाच घर सोडून निघाला आणि आपण त्याला एक कोरडं तांत्रिक वाक्य ऐकवलं, ही चुटपुट त्याला लागून राहिली.

अपोलो-११ मध्ये चंद्रामागे गेलं की प्रत्येक फेरीत ४८ मिनिटं कुणाचाच आवाज नाही. पत्रकारांनी त्याला जगातला सर्वांत एकाकी माणूस ठरवून टाकलं. त्याला ते पटलं नाही. सतरा वर्षं विमानं उडवलेल्या माणसाला एकटं असण्याची सवय असते, आणि ती त्याला आवडतही होती. धास्ती होती ती निराळी. चंद्रावरून उठायला ‘ईगल’ला एकच इंजिन होतं. ते पेटलं नाही तर त्या दोघांना तिथेच सोडून एकट्याने घरी यायचं, हे त्याने मनाशी ठरवलं होतं. तसं झालं तर जन्मभर कपाळी बसणारा शिक्काही त्याला दिसत होता. सहा महिने त्याने हे कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. वरून जाताना तो दुर्बिणीतून ‘ईगल’ शोधत राहिला. ते नेमकं कुठे उतरलंय हे ह्यूस्टनलाही सांगता येईना, आणि त्याला ते शेवटपर्यंत दिसलं नाही.

२१ जुलैला इंजिन पेटलं. ‘ईगल’ ठरल्या वाटेने वर आलं, वहीचं पान उघडावं लागलं नाही. जोडणीच्या क्षणी मात्र दोन्ही यानं हिसके खाऊ लागली. वहीतले अठराही प्रकार भेट होईपर्यंतचे होते, हा त्यापुढचा. काही सेकंदांत ती सरळ झाली, खिट्ट्या बसल्या. बोगद्यातून आधी ऑल्ड्रिन हसत आत आला. कॉलिन्सने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं, कपाळाचा मुका घेणारच होता, पण संकोचला आणि त्याने नुसता हात हातात घेतला.